शब्दचर्चा: क्रीमचा 'पोत' म्हणावं का?

प्रश्न

क्रीम, लोशन आणि लिपस्टिकच्या चाचण्यांचा एक अहवाल मराठीत आणते आहे. 'टेक्श्चर' जागोजागी येतो. मी सरसकट 'पोत' लिहीत गेले आणि 'पोत पातळ आहे', 'पोत चिकट आहे', 'पोत लवकर जिरतो' अशी वाक्यं तयार झाली. कानाला खटकतात. शिवाय ज्यांच्या हातावर क्रीम लावून बघायचं, त्यांनी भरायचा तक्ताही मराठीत हवा आहे. त्यांना नेमकं काय विचारायचं?

प्रतिसाद

पोत कापडाचा, मातीचा, लाकडाचा. हात फिरवला की कळतो. पसरणाऱ्या, ओघळणाऱ्या पदार्थाला तो लावू नये असं मला वाटतं. आणि काही जण अशा ठिकाणी 'घनता' लिहितात, ते तर मुळीच नको. घनता म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान. हवा भरून फेटलेलं क्रीम बोटावर ताठ उभं राहतं, पण त्याची घनता साध्या लोशनपेक्षा कमी असू शकते.

प्रतिसाद

'घनता' नको, याला पूर्ण दुजोरा. 'पोत' मात्र मी ठेवीन, पण फक्त शीर्षकात: 'पोत-चाचणी', 'पोताचे गुण'. रोज हेच काम करत असल्यामुळे ठामपणे सांगतो, क्रीमचा पोत हा एक गुण नाहीच. एकामागून एक घडणाऱ्या गोष्टींचं ते एकत्रित नाव आहे. म्हणून वाक्यात पोत आला की तो काढावा आणि त्या क्षणी काय घडतंय त्याचं क्रियापद घालावं.

क्रीम-लोशनच्या स्पर्शाचं वर्णन कसं करावं यासाठी एएसटीएम या चाचण्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेची ई १४९० ही मार्गदर्शिका आहे. तिच्यातला क्रम असा: आधी दिसणं, मग बोटांवर उचलणं, मग त्वचेवर चोळणं, आणि शेवटी मागे काय राहिलं ते. प्रत्येक टप्प्याचे शब्द वेगळे. सगळ्यात जास्त गोंधळ उचलण्याच्या टप्प्यावर होतो, कारण तिथे आपण सगळ्यालाच 'चिकट' म्हणून मोकळे होतो.

अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत क्रीमचा लहानसा थेंब धरा. दाबा, आणि बोटं सावकाश विलग करा. दाबताना जो विरोध जाणवतो तो घट्टपणा. बोटं सोडवताना जी ओढ बसते तो चिकटपणा. विलग होताना पदार्थ तुटतो की त्याला तार येते, हा तिसराच गुण: पदार्थ स्वतःला किती धरून ठेवतो. त्याला 'तार येणं' म्हणा, कुणालाही कळतं. झँथन गम हा दाटपणा आणणारा डिंक घातलेल्या सीरमला लांब तार येऊ शकते, तरी ते बोटांना फारसं ओढत नाही. उलट मेणाचा भरणा असलेला बाम बोटं चांगलीच धरतो, पण तार न येता तुटतो. दोघांनाही 'चिकट' लिहिलं, तर पुढे सूत्र बदलणाऱ्या माणसाला काय बदलायचं तेच समजणार नाही.

यंत्रही हेच करतं. टेक्श्चर अ‍ॅनालायझरचा दांडा ठरलेल्या वेगानं नमुन्यात उतरतो आणि वर येतो. उतरताना लागलेला सर्वाधिक जोर म्हणजे घट्टपणा, वर येताना उलट दिशेनं नोंदला गेलेला जोर म्हणजे चिकटपणा. पसरण्याच्या चाचणीत शंकूच्या आकाराच्या वाटीत क्रीम भरून वरून तसाच शंकू दाबतात. इथे भाषांतरात हमखास फसगत होते. दाबताना लागलेल्या जोराच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ म्हणजे क्रीम बाजूला सारायला लागलेलं काम. आकडा मोठा, तर क्रीम पसरायला अवघड. त्या रकान्यावर 'पसरणशीलता' लिहिलं की वाचणारा नेमका उलटा अर्थ घेतो. 'पसरवायला लागणारं काम' असंच लिहा, लांब झालं तरी चालेल.

प्रश्न

'घट्ट' आणि 'दाट' मी एकमेकांच्या जागी वापरले आहेत. चालेल का?

प्रतिसाद

बोलताना चालेल, अहवालात नाही. दाटपणा वाहतानाचा, घट्टपणा जागच्या जागी बसलेला असतानाचा. शुद्ध ग्लिसरीन दाट आहे: २० अंश सेल्सिअसला त्याची श्यानता, म्हणजे वाहायला होणारा विरोध, सुमारे १,४०० मिलिपास्कल-सेकंद, पाण्याची १. तरीही ते उभं राहत नाही, सावकाश का होईना सपाट होतं. कार्बोमर या कृत्रिम घट्टकाचं जेल मात्र बोटावर टोक धरून उभं राहतं, कारण ठरावीक जोर लागेपर्यंत ते वाहायलाच तयार नसतं. चोळायला लागलं की तेच जेल झपाट्यानं पातळ होतं. बहुतेक क्रीमचंही असंच. म्हणून श्यानतेचा आकडा एकटा लिहू नये. श्यानता मोजणाऱ्या यंत्राचा फिरता दांडा कोणता, त्याचे फेरे मिनिटाला किती, तापमान किती, हे सोबत नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही. 'श्यानता' आणि 'विष्यंदिता' हे दोन्ही शब्द मराठीत आहेत. कोणताही घ्या, पण अहवालभर एकच.

प्रतिसाद

'जिरणं' या शब्दाबद्दलही लिहा कुणीतरी. जाहिरातीत 'त्वचेत खोलवर मुरतं' म्हणतात आणि चाचणीत 'जिरतं'. एकच का?

प्रतिसाद

नाही, आणि हा फरक मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. चाचणीत हातावर ठरलेल्या आकाराचं वर्तुळ आखतात, मोजून थेंब घेतात, सारख्या वेगानं बोट गोल फिरवतात आणि किती फेऱ्यांनंतर बोट अडखळायला लागलं ते मोजतात. त्या वेळात मुख्यतः क्रीममधलं पाणी, आणि असलंच तर उडून जाणारं सिलिकोन, हवेत जातं. मागे तेल-मेणाचा पातळ थर त्वचेच्या वरच राहतो. म्हणजे 'जिरलं' ही लावणाऱ्याची जाणीव आहे, त्वचेच्या आत काही गेल्याचा पुरावा नव्हे. तक्त्यात 'जिरल्यासारखं वाटेपर्यंतचे फेरे' असं लिहा. 'मुरणं' वापरू नका. आणि 'शोषण' हा शब्द पदार्थ खरोखर त्वचेत किती उतरला हे वेगळं मोजलं असेल तिथेच ठेवा.

मागे राहणाऱ्या थरासाठी मराठीत सुरेख शब्द आहेत. चकाकणारा, बोट सरकू देणारा तो तेलकट. पुसल्यावरही हाताला लागून राहणारा तो ओशट. 'मेणचट' मात्र टाळा, त्याला मळकेपणाचा वास आहे आणि भरणारा माणूस नकळत कमी गुण देईल. 'मेणासारखा' लिहा. पावडरीला रवाळ, भुरभुरीत. लिपस्टिकच्या कांडीला घट्टपणा आणि मोडण्याचा जोर, एवढं पुरे.

प्रश्न

'मऊसूत' आणि 'रेशमी' ठेवू का?

प्रतिसाद

वेष्टनावर खुशाल ठेवा, तक्त्यात नको. हे आवडीचे शब्द आहेत, आणि वर्णन करणाऱ्या गटाला आवड विचारायचीच नसते. त्यांना विचारा: 'बोटं विलग करताना किती ओढ जाणवते?', 'बोट किती सहज सरकतं?' दोन्ही टोकांना 'अजिबात नाही' आणि 'खूप' लिहा, आणि प्रत्येक टोकाचा एकेक नमुना त्यांना आधी हाताळायला द्या. म्हणजे सगळ्यांचं 'खूप' सारखं होतं.