मदत हवी आहे: मर्जर नेमकं कशाला म्हणायचं?

नमस्कार. विलीनीकरण (मर्जर), अधिग्रहण आणि एकत्रीकरण यांत माझा सारखा गोंधळ होतोय. मला समजलंय ते असं: विलीनीकरणात एक कंपनी दुसरीत सामावते आणि तिचं वेगळं कायदेशीर अस्तित्व संपतं. एकत्रीकरणात दोन्ही संपून तिसरी नवी उभी राहते. अधिग्रहणात मालकी बदलते, पण कंपनी उपकंपनी म्हणून टिकू शकते. २०१४ मध्ये फेसबुकने व्हॉट्सअ‍ॅप घेतलं तसं. इथवर ठीक.

अडतंय ते डेमलर ही जर्मन आणि क्रायस्लर ही अमेरिकी मोटार कंपनी यांच्यापाशी. १९९८ मध्ये त्यांचं एकत्र येणं ‘बरोबरीचं विलीनीकरण’ म्हणून जाहीर झालं, तरी अनेक जण त्याला अधिग्रहणच म्हणतात. मग शब्द ठरवायचा कशावरून? कागदपत्रांवरून, भागधारकांच्या हिश्श्यावरून, की प्रत्यक्ष नियंत्रणावरून? जाणकारांनी कृपया उदाहरणासह समजावून सांगावं.