मदत हवी आहे: पीडीएमएस चिपमध्ये रात्रीतून बुडबुडे होतात

पेशी वाढवण्यासाठी पीडीएमएसची (पारदर्शक सिलिकॉन रबराची) मायक्रोफ्लुइडिक चिप, म्हणजे अगदी बारीक चॅनेलमधून द्रव वाहणारी चिप, केली आहे. चॅनेल १०० मायक्रॉन उंच, पीडीएमएसचा बेस आणि तो घट्ट करणारा क्युरिंग एजंट १०:१, प्लाझ्मा (विद्युतभारित वायू) देऊन काचेवर चिकटवलेली. गळती अजिबात नाही. पण ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये रात्रभर ठेवली की सकाळी चॅनेलमध्ये बुडबुडे दिसतात, आणि सरकताना ते चिकटलेल्या पेशी खरवडून नेतात. फार जीव लावून वाढवलेल्या पेशी असतात हो! गार मीडियममध्ये (पेशींच्या पोषक द्रवात) विरघळलेली हवा तापल्यावर बाहेर येते, म्हणून आता ते आधी कोमट करून व्हॅक्युममध्ये ठेवते. फरक पडला, पण पुरेसा नाही. प्लाझ्मानंतर काही दिवसांत पीडीएमएस पुन्हा पाणी झटकू लागतं, ते कारण असेल का? बबल ट्रॅप (बुडबुडे अडवणारा भाग) इनलेटच्या, म्हणजे द्रव आत शिरतो त्या तोंडाच्या, किती जवळ लावता? आधी इथेनॉलने चॅनेल भिजवून नीट धुतलं, तर पेशींना चालेल ना?