जिनिव्हा १९९४ विसरून चालणार नाही
पंतप्रधान नरसिंह रावांचं परराष्ट्र धोरण म्हणजे निव्वळ आर्थिक नाइलाज होता, असं मत मांडलं जातं; ते मला अर्धंच पटतं. १९९१ मध्ये परकीय चलनाची गंगाजळी आटली होती, सोव्हिएत संघही कोसळला, हे खरंच. पण जानेवारी १९९२ मध्ये इस्राएलशी पूर्ण राजनैतिक संबंध जोडले आणि तरीही सप्टेंबर १९९३ मध्ये राव स्वतः इस्राएलच्या कट्टर विरोधक इराणमध्ये, तेहरानला गेले. हा तोल नाइलाजाने साधत नाही. त्याच महिन्यात रावांच्या बीजिंग दौऱ्यात चीनशी सीमेवरच्या प्रत्यक्ष ताबारेषेवर शांतता राखण्याचा करारही झाला.

या धोरणाच्या चर्चेत जिनिव्हाचा उल्लेखच येत नाही, याचं वाईट वाटतं. १९९४ च्या सुरुवातीला पाकिस्तानने जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार आयोगात काश्मीरवर ठराव आणला. रावांनी भारताच्या शिष्टमंडळाचं नेतृत्व दिलं ते विरोधी पक्षनेते अटलबिहारी वाजपेयींना. तेव्हाचे परराष्ट्र राज्यमंत्री सलमान खुर्शीद सोबत होते. अखेर इराण आणि चीनच्या आग्रहामुळे पाकिस्तानला ठराव मतदानाआधीच मागे घ्यावा लागला. आधीच्या वर्षीच्या त्या दोन दौऱ्यांचं मोल इथे कळतं. मला तर आग्नेय आशियाशी जवळीक वाढवण्याच्या रावांच्या पूर्वाभिमुख धोरणापेक्षाही हे यश मोठं वाटतं.