घड्याळ, पत्ता आणि व्हॅनच्या पातळ भिंती

व्हॅनमधून एकटीने फिरताना ऑनलाइन थेरपीचं काम नीट होतं का, असं तुम्ही विचारलंत. होतं. पण अमेरिकेत मला इंटरनेटपेक्षा पत्त्याची काळजी जास्त वाटते. परवाना साधारणपणे क्लायंट बसलाय त्या राज्याचा लागतो, आणि आपण स्वतः कुठे आहोत यालाही नियम असतात. म्हणून प्रत्येक सेशन "आज कुठून बोलताय?" यानेच सुरू करते. क्लायंट डेन्व्हरला आणि मी ॲरिझोनात असताना ९११ हा आणीबाणीचा नंबर फिरवला, तर फोन माझ्याच जवळच्या केंद्रात लागणार. त्यामुळे त्यांच्या भागातल्या पोलिसांचा थेट नंबर वहीत आधीच लिहिलेला असतो.

घड्याळाचंही तसंच. उन्हाळ्यात ॲरिझोना घड्याळ पुढे करत नाही, पण तिथलाच नाव्हाहो या मूळनिवासी जमातीचा प्रदेश करतो. पेज गावाजवळ फोन कुठला टॉवर पकडेल त्यावर वेळ बदलते. एकदा एका बाईंना मी तासभर ताटकळत ठेवलं. फार लागलं मनाला. तेव्हापासून मनगटी घड्याळ डेन्व्हरच्या वेळेवर.

बीएलएमच्या, म्हणजे सरकारी जमीन सांभाळणाऱ्या अमेरिकी खात्याच्या, मोकळ्या जमिनीवर बहुतेक ठिकाणी २८ दिवसांत १४ दिवसच राहता येतं. मुक्काम हलवायच्या दिवशी सेशन ठेवत नाही. भिंती पातळ, म्हणून शेजारी गाडी दिसली की जागा बदलते.

खरं कठीण असतं ते जड सेशननंतर. लॅपटॉप मिटला की शेजारच्या खोलीत कुणी सहकारी नसतो. म्हणून गुरुवारचा सुपरव्हिजनचा, म्हणजे अनुभवी थेरपिस्टशी आपल्या कामाबद्दल बोलण्याचा, तास मी कधीच चुकवत नाही, त्यासाठी तीस मैल मागे यावं लागलं तरी.