‘हत्याकांड’ की ‘कत्तल’?

प्रश्न : अमेरिकेतील यूटा प्रांताच्या दक्षिण भागात, माउंटन मेडोज येथे 11 सप्टेंबर 1857 रोजी मॉर्मन (अमेरिकेत उदयाला आलेल्या एका ख्रिस्ती पंथाच्या) वसाहतकारांच्या हातून जे झाले, त्याला ‘हत्याकांड’ म्हणावे की ‘कत्तल’?

उत्तर : अर्थाने जवळ असले तरी हे शब्द वाक्यात सारखे वागत नाहीत. हत्याकांड बहुधा ‘घडते’. कत्तल बहुधा कोणीतरी ‘करते’. या प्रसंगी हा भेद महत्त्वाचा आहे. आर्कान्सातून कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या स्थलांतरितांच्या काफिल्याला स्थानिक मॉर्मन मिलिशियाने (नागरिकांच्या सशस्त्र दलाने) पांढरे निशाण दाखवले, सुरक्षित वाट देण्याचे वचन देऊन शस्त्रे खाली ठेवायला लावली, लहान मुले व जखमी यांच्या गाड्या पुढे काढल्या आणि पुरुषांना एकेका सशस्त्र शिपायाच्या सोबतीने चालवले. इशारा होताच त्या सोबत्यांनीच गोळ्या झाडल्या. सुमारे 120 माणसे मारली. वाचली ती 17 लहान मुले. असे असूनही 1990च्या स्मारकावर काफिल्यावर ‘हल्ला झाला’ एवढेच कोरले गेले. कोणी केला, ते नाही. म्हणून माझे मत ‘कत्तल’कडे झुकते.

शंका : ‘डायरने हत्याकांड घडवले’ असे आपण लिहितोच. मग दोष शब्दाचा की लिहिणाऱ्याचा?

उत्तर : आपला आक्षेप रास्त आहे, दोष क्रियापदाच्या निवडीचा आहे, हे मी मान्य करतो. मात्र कर्ता लिहितानाही चूक होते. दीर्घकाळ मुख्य दोष पायूट आदिवासींच्या माथी मारला गेला, आणि शिक्षा मिलिशियातील एकट्या जॉन ली या अधिकाऱ्यालाच झाली. 1877 मध्ये त्याला त्याच जागी गोळ्या घालण्यात आल्या. वॉनिटा ब्रुक्स या स्वतः मॉर्मन असलेल्या इतिहासकार स्त्रीने 1950 मध्ये स्थानिक मॉर्मन पुढाऱ्यांची जबाबदारी कागदपत्रांनिशी मांडली, तेव्हा कर्ता अनेकवचनी झाला.

जाता जाता आणखी एक शब्द. 2007 मध्ये, दीडशे वर्षे पूर्ण होताना, मॉर्मन चर्चने जे निवेदन केले, त्याचे भाषांतर ‘माफी मागितली’ असे करू नये, कारण मूळ शब्द तीव्र ‘खेदा’चा आहे. मराठीत खेद ‘वाटतो’, माफी ‘मागावी’ लागते. मात्र त्याच निवेदनात, पायूटांनी अन्यायाने दोष सोसला म्हणून त्यांच्याकडे स्वतंत्र खेद व्यक्त करणे ‘देणे आहे’, असेही म्हटले होते. तेथे ‘देणे’ हाच मराठी शब्द नेमका बसतो.