डुव्हेल आणि ट्रिपेल वेगळे कसे?

प्रश्न: डुव्हेल आणि वेस्टमाले मठाची ट्रिपेल, दोन्ही बेल्जियन बिअर. डुव्हेलमध्ये अल्कोहोल ८.५ टक्के, ट्रिपेलमध्ये ९.५, दोन्ही सोनेरी, दोन्हींवर फेस ग्लासाबाहेर येईल एवढा. मग एकीला स्ट्राँग गोल्डन एल आणि दुसरीला ट्रिपेल का म्हणायचं? आणि ट्रॅपिस्ट म्हणजे तिसरीच स्टाईल का? डोकं गरगरतंय राव.

उत्तर १: ट्रॅपिस्ट ही स्टाईलच नाहीये हो. बिअर ट्रॅपिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या मठाच्या आवारात, तिथल्या साधूंच्या देखरेखीखाली बनली पाहिजे आणि कमाई मठाच्या गरजा नि दानधर्माला गेली पाहिजे, चवीचा काही संबंध नाही. ऑर्व्हल पिऊन बघा, ६.२ टक्के, कोरडी, कडवट, बाटलीत ब्रेट नावाचं जंगली यीस्ट, आणि बाजूला वेस्टफ्लेटरन १२ ठेवा, गडद, मनुकांसारखी, १०.२ टक्के. दोन्ही ट्रॅपिस्ट! घ्या आता.

उत्तर २: डुव्हेल जास्त कोरडी आणि हलकी लागते, ट्रिपेलमध्ये लवंगेसारखा मसालेदारपणा जास्त असतो आणि अंगही जरा भरलेलं. पण डोळे बांधून दिल्या तर मीही चुकेन, खोटं कशाला बोलू.

उत्तर ३: हे कप्पे बऱ्याच अंशी बाहेरच्यांनी पाडलेत, १९७७ मध्ये ब्रिटिश लेखक मायकल जॅक्सनने (गायक नव्हे!) जगभरच्या बिअरची स्टाईलप्रमाणे मांडणी केली तिथून हे वेड पसरलं. क्वाड्रुपेल (ट्रिपेलपेक्षाही कडक, गडद बिअर) हे नाव तर बेल्जियमचंही नाही, नेदरलँड्सच्या ला ट्राप ब्रुअरीचं, १९९१ चं.

प्रश्नकर्ता: म्हणजे वेस्टफ्लेटरन १२ ला क्वाड म्हणायचं की नाही?

उत्तर ३: लोक म्हणतात. बाटलीवर तर लेबलच नसायचं, नुसत्या बुचावर १२.