बटमोगरा नुसता पाला काढतोय, कळी एक नाही (पाचपाखाडी, ठाणे)

खिडकीतली:
नमस्कार मंडळी. चौथा मजला, हॉलच्या दक्षिणेकडच्या खिडकीला ग्रिल, वर पत्रा. तिथे गेल्या जूनमध्ये १२ इंची कुंडीत बटमोगरा लावला. आणला तेव्हा सहा कळ्या होत्या, त्या फुलल्या. तेव्हापासून आजतागायत काही नाही. पाला मात्र असा की खालच्या मजल्यावरच्या काकू विचारतात, "लिंबू लावलंय का?" (त्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर माझं पाणी ठिबकतं, म्हणून त्यांचं लक्ष असतं.) नर्सरीवाल्याने सांगितल्याप्रमाणे दर पंधरा दिवसांनी चिमूटभर युरिया दिला. गांडूळखत, तांदळाचं धुवण, केळ्याच्या सालींचं पाणी, सगळं झालं. पाणी रोज. ऊन भरपूर, डिसेंबरात तर सोफ्यापर्यंत येतं. एप्रिल संपत आला, स्टेशनबाहेर गजऱ्यांचे ढीग लागलेत आणि माझ्या कुंडीत शून्य. काय चुकतंय?

तांबडी_माती:
आधी तो युरिया बंद करा. नत्र जास्त झालं की झाड पालाच वाढवणार. खत द्यायचंच तर शेणखत आणि थोडा हाडांचा चुरा. दुसरं, छाटणी केली होती का? मोगऱ्याला कळी येते ती नव्या फुटव्याच्या टोकाला. जुन्या काड्या तशाच ठेवल्या तर कळी कुठून येणार? आणि रोज पाणी कशाला? बोट खुपसून बघा, वरची दोन पेरं माती कोरडी असेल तरच घाला.

विक्रमगडकर:
आमच्या गावाकडे मोगऱ्याची शेतीच आहे, फुलं दादरच्या बाजारात जातात. हिवाळ्यात पाणी तोडून झाडाला ताण देतात, मग छाटून, आळं उकरून शेणखत भरतात आणि पाणी सुरू करतात. लाडावलेलं झाड फुलत नाही, असं माझी आजी म्हणायची. छाटणीची वेळ तुमची गेली, पण आता शेंडे खुडा. फुटवे येऊन कळी धरायला महिना-सव्वा महिना लागेल. मात्र शेतात सावली नसते, हे लक्षात घ्या. मोगऱ्याला पाच-सहा तास ऊन हवंच.

ऐरोलीकर:
ताई, दोष युरियाचा असेलही, पण मला तुमच्या सोफ्याचा संशय येतोय. दक्षिणेच्या खिडकीत ऊन सोफ्यापर्यंत येतं ते डिसेंबरात, कारण तेव्हा सूर्य दक्षिणेला कललेला असतो. आपल्याकडे मेच्या मध्यावर शून्य सावली दिवस असतो, म्हणजे दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर. त्यानंतर जुलैअखेरपर्यंत तो भरदुपारी चक्क उत्तरेला असतो. तुमच्या पत्र्याखाली तेव्हा काय पोचणार? मोगरा फुलायच्या दिवसांतच त्याला सावली. माझी हीच चूक जास्वंदीवर दोन वर्षं चालली होती. रविवारी घड्याळ घेऊन बसा आणि पानांवर थेट ऊन किती वेळ पडतं ते लिहा. उजेड धरू नका.

खिडकीतली:
बसले. खरं सांगते, लाज वाटली. सकाळी ९:५० ला कुंडीच्या कडेला ऊन लागलं, ११:०५ ला पत्र्याची सावली आली, संपलं. सव्वा तास! आणि मी वर्षभर "भरपूर ऊन" म्हणत फिरतेय.

घरात पूर्वेच्या दोन खिडक्या आहेत. बेडरूमच्या ग्रिलमध्ये एसीचं आउटडोअर युनिट, त्याच्या गरम हवेत पानं करपतील. दुसरी स्वयंपाकघराची. तिथे साडेसातपासून बाराला थोडी कमी असेपर्यंत ऊन असतं, पण ती सासूबाईंच्या तुळशीची जागा.

तांबडी_माती:
मग झालं की. तुळस थोडी सरकवा.

खिडकीतली:
"थोडी सरकवा" म्हणे! तुम्ही आमच्या घरी येऊन बोला.

ऐरोलीकर:
साडेचार तासांत कळ्या येतील, ढिगाने नाही आल्या तरी. एकदम हलवल्यावर पानं पिवळी पडली तर घाबरू नका. दक्षिणेच्या जागी नागवेल लावा, तिला सावलीच मानवते.

खिडकीतली:
विचारलं एकदाचं. सासूबाई म्हणाल्या, पहिली फुलं बाळकृष्णाला, मग तुझ्या केसांत. तुळशीची कुंडी ८ इंची आहे, माझी १२. ग्रिल आतून २२ इंच भरलं. शेंडे आज खुडले, युरियाची पुडी तांबडी_माती यांच्या नावाने कचऱ्यात.